सलग पट्टीचा चेहरा

पंचवाल्या काकू कुणाशी समोरासमोर बसून बोलत नसत. बाजूला येऊन टेकायच्या आणि बोलता बोलता तुमचं कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशा नजरेने वरून खाली उतरत जायच्या. लग्न होऊन मी नाशिकला सिडकोत आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या या काकूंनी मला असं न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नाक छान आहे गं शैला, पण हनुवटी हट्टी आहे." मला असा राग आला! सासूबाई हसून म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. त्या माणसं बघत नाहीत, कडा बघतात."

कडा बघणं हा त्यांचा धंदाच होता. पुढच्या खोलीत हाताने दाबायचं पंचिंगचं मशीन, मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या डाय. डाय म्हणजे प्लायवूडच्या फळीत बसवलेली धारदार पोलादी पट्टी, हव्या त्या आकारात वळवलेली. फळीवर कागद ठेवून दांडा ओढला की कचकन आकार सुटतो. त्यातून लग्नपत्रिका व्हायच्या, दिवाळीची भेटकार्डं व्हायची, गौरी-गणपतीची कागदी तोरणं आणि जाळीच्या महिरपी व्हायच्या. डाय काकूंचे यजमान करायचे. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते, हात असा की पट्टीतून मोराचा तुरासुद्धा वळवून काढतील. बोलायला मात्र फार कमी. काकू दोघांच्या वाटचं बोलायच्या.

आणि काय बोलायच्या! लासलगावचा एक व्यापारी मुलीच्या लग्नाची पत्रिका कांद्याच्या आकाराची हवी म्हणून अडून बसला. बायको बिचारी ओशाळून म्हणाली, "लोक हसतील हो." काकू म्हणाल्या, "हसू देत की. मुलीच्या लग्नात रडायला कांदा बरा पडतो." पत्रिका झाली, पाकळ्या उघडत जाणारी, आणि पुढच्या सीझनला त्याच्या भावकीतल्या सगळ्यांना तशीच हवी होती.

पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या कार्डांमुळे. बारशाला, वाढदिवसाला, सासरी निघालेल्या मुलीसाठी. काळ्या कागदात चेहऱ्याची कड कापलेली, पण पूर्ण सुटलेली नसायची. मानेपाशी पट्टीला कानशीने बारीक खाच मारलेली असायची, तेवढ्या जागी कागद धरून राहायचा. ज्याचा चेहरा त्यानेच तो हाताने सोडवायचा, असा काकूंचा नियम. मी त्यांच्याकडे मदतीला जायचे; एकदा घाई झाली म्हणून मीच एक चेहरा सोडवायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. "वस्तूचा आकार कुणीही सोडवावा. माणसाचा नाही. माणूस सुटायला तयार आहे की नाही, ते त्याचं त्याला माहीत." मी मनात म्हटलं, झालं, काकूंचं काहीतरी!

माझ्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी यजमान गेले. सकाळी कारखान्याच्या बसला निघालेला धडधाकट माणूस, बूट घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही. दिवसपाणी झाल्यावर आम्ही दोघी मागची खोली आवरायला घेतली, तर पोत्याखाली एक नवी डाय निघाली, खऱ्या चेहऱ्याएवढी मोठी. कुणी ऑर्डर दिलेली नव्हती. काकूंनी काळा कागद ठेवला, दांडा ओढला, आणि चेहरा कागदातून आपोआप सुटून फरशीवर पडला. मानेपाशी खाच नव्हतीच. जो माणूस ती खाच कधी विसरला नाही, त्याने पट्टी सलग ठेवली होती.

चेहरा एका म्हातारीचा होता. तोंडाचं बोळकं झालेलं, हनुवटी नाकाकडे चाललेली. माझ्या सासूबाई दारातून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "आईचा केला असेल त्यांनी." काकूंनी मान हलवली. "आमच्या सासूबाईंचं नाक मला पाठ आहे. हे त्यांचं नाही." मग त्या खाली बसल्या आणि कितीतरी वेळ नुसतं स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत राहिल्या. काकूंनी तेव्हा पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

पडलेला चेहरा त्यांनी चुलीत घातला. भोक पडलेला कागद मात्र मागच्या खोलीत भिंतीला चिकटवला, बाकासमोर. दुपारी मागच्या दारातून ऊन आत आलं की त्या बाकावर तिरक्या बसायच्या आणि आपली सावली त्या भोकात नेऊन बघायच्या. "अजून नाही," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मी एकदा सरळ विचारलं, "बसली सावली तर काय होईल?"

"बोलावणं येईल. दुसरं काय? त्यांनी जागा कापून ठेवलीय माझी."

"मग फाडून टाका ना तो कागद!"

"फाडला तर कळणार कसं, किती जवळ आलंय ते?"

वर्षं गेली तशी सावली जवळ येत गेली. हे मी पाहिलंय, ऐकीव सांगत नाही. आधी कपाळ बसलं, मग नाक. दात पडायला लागले तशी हनुवटी वर सरकली. तेव्हा काकूंनी काय करावं? कवळी बसवली! एवढ्या भक्कम दातांची कवळी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला पेरू खायची हौस आहे. मला खरं ठाऊक होतं. झोपतानाही ती काढायच्या नाहीत. हिरड्या सोलवटायच्या, पण नाही म्हणजे नाही. "त्यांना घाई असेल, मला नाहीये," म्हणायच्या. मोबाइल आले, भेटकार्डं बंद पडली, मशीनवर धूळ बसली. काकू तरीही जगण्याला अशा चिकटून होत्या की मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं.

मग डोळे जाऊ लागले. एकदम नाही, कडेकडेने. डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाने थांबायचं नाही. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. ऊन भिंतीवर आलं होतं. बाकावर बसून त्यांनी कवळी काढली आणि माझ्या हातातल्या वाटीत ठेवली.

"काकू, काय करताय हे!"

"दिसतंय तोवर बघून घेते, शैला. न बघता जगायचं म्हणजे नुसतंच भ्यायचं."

सावली भोकात गेली. कपाळ बसलं, नाक बसलं, हनुवटी बसली. पण ओठांपाशी फट राहिली. कागदावरच्या म्हातारीचे ओठ उघडे होते, बोलता बोलता थांबावेत तसे. काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग एकेक अक्षर तोंडात घोळवून पाहू लागल्या. ओठ मिटत, उघडत, सावली हलत होती, बसत नव्हती.

आणि अगदी हळू त्या म्हणाल्या, "अनंत."

यजमानांचं नाव. एवढ्या वर्षांत ते मी काकूंच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर त्या मला पुढे करायच्या. आणि त्या पहिल्या 'अ'वर ओठांची फट भरली. सावली कडेला कड लागून बसली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ते कुठे बोलावतायत? हाक तर मी मारतेय! इतकी वर्षं वाट बघत थांबलेत होय?"

तेवढ्यात भिंतीवरचं ऊन अडलं. मागच्या दारात कुणी येऊन उभं राहावं तसं. भिंतीवर काकूंच्या सावलीमागे दुसरी सावली पडली, उंच, किंचित वाकलेली. मी वळून पाहिलं नाही. मानच वळेना, खोटं कशाला सांगू? काकूंनीही पाहिलं नाही. त्या फक्त बाकावर थोड्या सरकल्या, एका माणसापुरत्या.

त्या दिवशी काकू गेल्या नाहीत. त्यानंतर चांगल्या जगल्या, बिनदातांच्या, आंधळ्या आणि खुशाल. मागच्या खोलीतून त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा, मध्ये मध्ये थांबून. गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचा डावा हात मी घट्ट धरला होता, तो माझ्या हातात सैल पडून होता. उजवा मात्र सैल नव्हता. त्याची बोटं वळलेली होती, पण मूठ मिटलेली नव्हती. आत एका हाताएवढी जागा होती, आणि मी शेवटचा हात लावला तेव्हा ती जागा गरम होती.