रंगूच्या बोंबलांपाशी

मुंबईला परदेशी पर्यटकांचं मोठं जहाज लागलं की थळचा विनेश कोळी मांडव्याच्या धक्क्यावर गाडी घेऊन उभा राहायचा आणि पाहुण्यांना दिवसभर किनारा दाखवायचा. आपलं गाव मात्र तो चुकवायचा. सुक्या मासळीच्या वासाने माणसं नाकाला रुमाल लावतात, ते त्याला सोसत नसे.

त्या दिवशी एक म्हातारी गोरी बाई एकटीच आली. थळच्या फाट्यावर तो वास येताच तिनेच गाडी वळवायला लावली. विनेशची आई रंगू बांबूवर बोंबील वाळत घालत होती. बाई शेजारी उभी राहून तिच्याप्रमाणेच बोंबील टांगू लागली. विनेश लांब गाडीपाशीच थांबला. नागावचा समुद्र, कुलाबा किल्ला, सगळं राहिलं. निघताना दोघी गळ्यात पडून रडल्या.

बाईला बोटीवर सोडून विनेश तडक घरी आला.

"आये, काय झालं गो?"

"तिचा घोव पन दर्यात गेला, तुझ्या बापासारखा."

"तिनं सांगितलं? तुला इंग्रजी कधीपासून येतं?"

रंगू गोंधळली. "न्हाय येत. ती बोलत व्हती, मी बोलत व्हते."

विनेश ओट्यावर बसून राहिला. वाटेत बाई त्याच्याशी इंग्रजीत खूप बोलली होती, पण नवऱ्याबद्दल अक्षरही त्याच्या कानावर आलं नव्हतं.