स्टोव्हची पिन आणि मामांची जीप

चहा आधी संपवून टाका. कारण मी आता जी फजिती सांगणार आहे, ती ऐकताना तोंडात घोट असला तर तो समोरच्याच्या सदऱ्यावर जातो. मागे एकदा गेलाय!

तेव्हा मी पालमच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. फळ्यावर इंजिनाचं चित्र असं काढायचो, की मुलांना वाटावं आता धूर निघतो की काय! प्रत्यक्षात मात्र सायकलची उतरलेली चेनसुद्धा मी दुसऱ्याकडून बसवून घेत असे. पण हे सासरी कुणाला ठाऊक? लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. नवाकोरा जावई होतो मी.

त्या दिवशी झरीला, मुलाच्या घरी, मेव्हणीची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. मुहूर्त चारचा. माझे सासरे, म्हणजे मामा, आम्हा दोघांना घ्यायला राणीसावरगावहून सकाळी नऊलाच आमच्या दारात हजर. सोबत पाच पाहुणे आणि त्यांची ती जुनी डिझेलची जीप.

"लवकर आवरा," मामा उतरता उतरताच म्हणाले. "मुलाकडचे लोक वेळेचे लय कडक हायेत. आधीची एक सोयरीक त्यांनी उशिरावरून मोडलीय."

जीप काळा धूर ओकत होती. शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांचा रंग बदलला, आता बोला!

"मामा, नोझल घाण झालेत," मी निदान केलं.

नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी बारकी तोटी. ती मी तोवर फक्त पुस्तकात पाहिली होती.

मामांनी जीपकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

"तासाभरात साफ करून देतो की!"

"अवो, तुमाला येतंय का ते?" सुमननं, माझ्या बायकोनं, दारातूनच विचारलं.

"त्यात काय यायचंय? तू स्टोव्ह साफ करतीस न्हाई का? तसंच!"

आणि खरंच तसंच केलं हो मी! चारही नोझल खोलले, पातेल्यात रॉकेल घेऊन बुडवले आणि घरातली स्टोव्हची पिन एकेकाच्या भोकात खुपसली. एक पिन मोडली. तिचं टोक कुठं गेलं हे मी कुणाला सांगितलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. मग वाटलं, बाहेरूनही काळे दिसतायत. चिंच आणि राख लावून असे घासले, की देवघरातली पितळी समई लाजावी.

पाहुणे ओट्यावर बसून बघत होते. मामा शांतपणे पान चघळत होते.

साडेअकराला सगळं पुन्हा बसवलं. चावी फिरवली. गुर्रर्र... आणि गप्प. पुन्हा फिरवली. आता गुर्रर्रही नाही!

"धक्का लावावा लागंल," मी म्हणालो.

पांढरंशुभ्र धोतर, नवा पटका घातलेले मामा आणि इस्त्रीच्या कपड्यांतले पाच पाहुणे मागून ढकलतायत. मी स्टिअरिंगवर. मेकॅनिक कधी गाडी ढकलतो का?

"जावईबापू, गेर टाकलाय का?" मागून धापा टाकत आवाज आला.

"टाकलाय! जोर कमी पडायलाय तुमचा!"

असं करत करत गाडी थेट एसटी स्टँडावर आली. समोर परभणीची बस सुटायलाच आलेली. जीप तिथल्याच मिस्त्रीच्या दारात लोटली आणि आम्ही पळत बस पकडली.

परभणीला पुढची गाडी दोन तास मिळाली नाही; झरीला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. फोनची सोय नाही, निरोप द्यायचा कसा? मुलाचे वडील ओसरीवर तोंड फुगवून बसलेले. सुमनचा चेहरा उतरला. मामांनी पुढं होऊन हात जोडले.

"चूक माझी हाय. गाडी जुनी, नोझलनं दगा दिला. थोरले जावई सोबत होते म्हणून इथवर तरी आलो!"

खरं तर मला तेव्हा शरम वाटायला हवी होती. वाटला अभिमान! छाती पुढं काढून मी लोडाला टेकलो.

व्याही जरा निवळले. "असं व्हय? जावईबापूंना इंजिनातलं कळतंय? मंग आमच्या विहिरीवरचं इंजिन बघता का? लय धूर टाकायलंय."

मी बाह्या सरसावल्या. "बघतो की! घरात स्टोव्हची पिन हाय का?"

मामा ताडकन उठले. "न्हाई! न्हाई! न्हाई!"

सगळे दचकले. "जावईबापू थकलेत," मामा घाम पुसत म्हणाले. "आधी सुपारी फोडा!"

इतक्या घाईनं फुटलेली सुपारी मी पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी परत पालमला, मिस्त्रीच्या दारात. त्यानं नोझल हातावर घेतले आणि कपाळाला हात लावला.

"हे राखेनं कुणी घासले? परवाच तर मी नवे बसवून दिले होते! हवेच्या फिल्टरात कापूस गच्च बसलाय, त्याचा धूर होता. तो झटकला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं!"

मी मामांकडं वळलो. "मामा, नोझल नवे हायेत हे तुमाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का न्हाई?"

"नव्या जावयाला न्हाई कसं म्हणावं? तुमी एवढ्या हौसेनं बसला होता."

मला भरून आलं हो! एवढा मान कोण देतं? पण लगेच आठवलं.

"मग झरीत त्या इंजिनाला बरं तीनदा न्हाई म्हणालात!"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, जीप माझी होती. ते इंजिन व्याह्याचं होतं. धाकटीला तिथं नांदायचंय!"