लेखाताईंचा पेढा

लेखाताई पेढा घ्यायच्या, पण खायच्या नाहीत. सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये कुणाचं पोर परीक्षा पास झालं की लिटल इंडियातून पेढे यायचे. ताई आपला पेढा हातात घेऊन तोंडभरून कौतुक करायच्या आणि लिफ्टपाशी हळूच माझ्या हातावर ठेवायच्या. "तू खा गं, मला नको." मला वाटायचं, मधुमेह असेल. पण गुलाबजाम वाटीभर खायच्या!

याचं कारण त्यांनीच एकदा चहा गाळता गाळता सांगितलं. पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच वडिलांनी पेढे आणून ठेवले होते आणि लेखाताई नापास झाल्या. "पेढे वाया कसे घालवायचे? बाबा म्हणाले, प्रसाद म्हणून वाट. आणि गल्लीभर मलाच पाठवलं."

मग लग्न, सिंगापूर. जवळच्या चाइल्डकेअरमध्ये त्या मदतनीस होत्या. मुलं त्यांना सोडायची नाहीत. पण पदवी नाही म्हणून स्वतःचा वर्ग मिळत नव्हता, आणि त्यांना तोच हवा होता.

नोकरी करून परत शिकायला येणाऱ्यांचे जुने मार्क इथलं एक विद्यापीठ धरत नाही, हे मी शोधून काढलं. त्यांचा विश्वास बसेना. "मार्क जुने होतात गं, पुसले जात नाहीत," हे त्यांचं पालुपद. मुलाखतीला जाताना मी बजावलं, विचारल्याशिवाय नापासाचं काढू नका. ताईंनी खुर्चीत बसताच तेच सांगितलं. परत आल्यावर हे ऐकून मी कपाळावर हात मारला.

"अगं, मुलाखत घेणारे सर त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, 'आयया, दॅट वन सो ओल्ड ऑलरेडी. वी डोन्ट काउंट लाह. टेल मी अबाउट द किड्स.' मग काय, मी सुटलेच!"

प्रवेश मिळाला. मी हौसेनं पेढे आणले, तर ताईंनी आपला पेढा नेहमीसारखा माझ्याच हातावर ठेवला. "माफ झालंय. पास कुठे झालेय अजून?" मला रागच आला. पुढची काही वर्षं नोकरी, स्वयंपाक सांभाळून त्या एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या नोट्स वाचत राहिल्या.

शेवटचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभ्या होत्या. झाकण उघडलं तर कोपऱ्यातली एक जागा रिकामी.

"देवापुढे ठेवलात वाटतं?"

"देवाला नंतर," त्या म्हणाल्या. "दुकानाच्या दारातच उभी राहून खाल्ला मी."