चर्चच्या दारातल्या चपला

२०२३ साल, मी बहात्तर वर्षांचा. बायको गेल्यावर मुलानं सोलापूरचं भवानी पेठेतलं घर विकलं आणि मला त्याच्या नोकरीच्या गावी, थेट सातासमुद्रापार किटोला आणलं. एकदा तिथल्या जुन्या शहरात, दगडी चढाच्या गल्ल्यांतून एकटाच हिंडत एका चर्चपाशी पोचलो. देव कुणाचा का असेना, दारात चपला काढल्या. आत जाऊन म्हणालो, मला सोलापूरला परत ने. बाहेर येतो तर चपला गायब. अनवाणीच घर गाठलं.

मुलगा हसला. "आण्णा, हितं देवळात चपला काढत न्हाईत की!"

"मग सोड मला सोलापूरला."

"तितं कोण हाय आता आपलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दिलेले बूट चढवले, त्याच चर्चमध्ये गेलो आणि बूट न काढताच बसलो. मागितलं काहीच नाही.