वाळू, खडक आणि पाण्याचे कॅन

माझं डोकं लवकर फिरतं. फौजेत गाडी शिकलो तेव्हाही फिरायचं, आणि परत येऊन तेरजवळच्या एका दूध सोसायटीत ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा तर जास्तच. फौजेत शिव्या देणाऱ्याला निदान गाडी तरी चालवता यायची.

ही ऐंशीनंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. सोसायटीला दूध गोळा करायला जीप घ्यायची होती आणि दारात दोन येऊन उभ्या होत्या. एक लष्कराच्या लिलावातली, जुनी, पेट्रोलवर चालणारी. तिच्या चारही चाकांना जोर, बूड उंच, टायरला बोटभर खाचा. दुसरी नवीकोरी, डिझेलची. जोर फक्त मागच्या चाकांना, टायर गुळगुळीत, पण तेल कमी पिणारी आणि मागं ऐसपैस. सडकेवर दुसरीच बरी, हे मीसुद्धा कबूल केलं असतं. पण आमच्या वाटेत सडक होतीच कुठं? आधी तेरणेचं कोरडं पात्र, घोटा बुडेल एवढी वाळू, आणि पलीकडं धोंड्यांमधून माथ्यावर जाणारा चढ. त्या माथ्यावर बौद्धांची वस्ती होती, आमचीच माणसं, आणि माझी थोरली आक्का तिथं दिलेली होती.

आक्काकडं एक दुभती म्हैस होती. दूध डोक्यावर घेऊन खाली पोचेपर्यंत उन्हानं नासायचं. गाडी वर आली तर म्हैस राहणार, नाहीतर पुढच्या बाजारी खाटकाला जाणार, एवढं सरळ होतं ते. म्हणून मला चारही चाकांची जीप पाहिजे होती. चेअरमनला डिझेलची पाहिजे होती, कारण तिच्यात बसून उस्मानाबादला मिरवता येणार होतं.

बरीच तंडातंडी होऊन शेवटी ठरलं की दोन्ही गाड्या भरलेल्या कॅनसकट माथ्यावर न्यायच्या आणि भरलेल्या कॅनसकटच खाली आणायच्या. दूध खाली उतरणार, म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा उतरताना. एवढं दूध त्या वर्षी कुठून आणणार? मग वजनाला पाणी भरायचं ठरलं. माथ्यावर भरू म्हणावं तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून कॅन भरायचे, वर न्यायचे, आणि तेच पाणी पुन्हा खाली आणायचं. आम्हां सगळ्यांना हे अगदी रास्त वाटलं. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

डिझेलच्या गाडीवर चेअरमननं दुसरा ड्रायव्हर आणला होता, तो आधी वाळूत घुसला. वाळूत थांबायचं नसतं आणि थांबलं तर रेस करायची नसते. या बहाद्दरानं दोन्ही केलं. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, वाळू लोकांच्या डोळ्यांत गेली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. ढकलणाऱ्या एका गड्याचा पाय चाकाखाली आला. तो गुरासारखा ओरडला. त्याला उचलून काठावर टाकलं आणि बाकीचे पुन्हा ढकलायला लागले. चेअरमननं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही, आणि तेव्हाच माझं पित्त खवळायला लागलं होतं.

मी टायरमधली निम्मी हवा सोडून दिली. टायर भाकरीसारखे पसरले. छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर दिला आणि एकदाही न थांबता पार झालो. पलीकडं हातपंपानं पुन्हा हवा भरत बसलो, कारण मऊ टायर खडकाच्या धारेला लागला की फाटलाच म्हणून समजा. तेवढ्यात बैल लावून ओढून काढलेली डिझेलची गाडी आली. तिच्या ड्रायव्हरनं माझ्यावरच आळ घेतला, की आदल्या दिवशी मी वाळू उकरून ठेवली होती. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं पंप हिसकावून माझ्या तोंडावर हाणला. पुढचा दात तुटला. तो थुंकून मी चढाला लागलो.

तो चढ म्हणजे मारामारीच होती. स्टिअरिंग असं उसळायचं की अंगठा आत ठेवला असता तर मोडलाच असता. धोंडे चाकाखालून सुटून मागं गडगडत होते, कॅन एकमेकांवर आदळत होते, आणि मी वाटेत पाणी सांडून वजन कमी करू नये म्हणून माझ्या गाडीत मागं कॅन धरून बसलेले चेअरमन आणि त्याचा माणूस मला आईवरून शिव्या देत होते. अर्ध्या वाटेत डिझेलची गाडी एका दगडावर पोटानं बसली. तिचं इंजिनखालचं चेंबर फुटलं आणि काळं ऑईल खडकावरून ओघळलं. ती तिथंच राहिली. मी मात्र चढलो. तोंडातलं रक्त गिळत मी हसत होतो.

वस्तीत शिरलो तर बायका घागरी घेऊन पळत आल्या. हिंदकळून कॅन बाहेरून ओले झाले होते आणि त्यांना वाटलं, सरकारनं पाणी धाडलं. मला तेव्हा कुठं उमजलं, आम्ही काय घेऊन आलो होतो ते.

आक्का सगळ्यांत पुढं होती. तिनं झाकणाला हात घातला तसा चेअरमन उठला.

"कॅनला कुनी हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "ते पानी न्हाय, वजन हाय."

आक्कानं झाकण उघडलं. त्यानं तेच झाकण तिच्या हातातून ओढून तिच्या डोक्यात घातलं. ती बसली नाही, घागर कॅनला लावूनच उभी राहिली. रक्त कपाळावरून खाली आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सीटखालची लोखंडी टॉमी काढून मी त्याच्या हातावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मला बरं वाटलं. आजही वाईट वाटत नाही.

मग वस्ती त्यांच्यावर तुटून पडली. चेअरमनच्या माणसाला खाली ओढून तुडवलं. त्यानं दगड उचलून एका म्हाताऱ्याचा गुडघा फोडला. त्या रेटारेटीत कॅन कलंडले आणि पाणी खडकावरून वाहायला लागलं. बायका पदर त्यात भिजवून घागरीत पिळत होत्या, आणि त्यांच्या पाठीवरून पुरुष एकमेकांना हाणत होते.

सगळं थांबलं तेव्हा चेअरमन मोडका हात धरून माझ्यासमोर आला. आवाज अगदी शांत होता.

"भरल्या कॅननं खाली यायचं ठरलं हुतं," तो म्हणाला. "हे रिकामे हायती. तुजी गाडी नापास. आन् आता ह्या माथ्यावर सोसायटीची गाडी कवाच येनार न्हाय."

तो पायीच खाली उतरला. त्यानं शब्द पाळला. चेंबर बदलून डिझेलचीच गाडी घेतली आणि ती सडकेवरच्या गावांतच फिरत राहिली.

मी आक्काच्या घरी गेलो. तिच्या केसांत रक्त सुकलं होतं. ती गोठ्यात बसून म्हशीच्या तोंडापुढं पाण्याचं भगुणं धरून होती. घरात अजून कुणी घोट घेतला नव्हता.

"गाडी चढली बग," ती म्हणाली. "आता हिचं दूध खाली जातंय."

दुसरा कुणी असता तर तासभर गप्प बसला असता. मला ते जमत नाही. मी चेअरमनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तिनं भगुणं म्हशीपुढून काढलं. म्हशीनं मान लांब करून जीभ बाहेर काढली.

"मग हिला कशाला," आक्का म्हणाली. "तू पी. तोंड फुटलंय तुजं."

मला लाज वाटली, पण तहान त्याहून मोठी होती. म्हशीसमोर उभा राहून मी ते सगळं पाणी प्यालो.