आज पेशंट हा

"शर्ट काढ आणि झोप टेबलावर," सतीश मला मराठीत म्हणाला. मग वर्गाकडे वळून इंग्रजीत, "आज पेशंट हा."

पोरं हसली. मी शर्ट काढला. बनियनला भोक. चाळिशीचं पोट, त्यावर माझं काही नियंत्रण नाही.

"पोट आत घे रे जरा."

घेतलं. किती वेळ घेणार?

सतीश आणि मी मुंबईत एकाच कॉलेजात फिजिओथेरपी शिकलो. तो अमेरिकेला गेला, तिथली लायसन्सची परीक्षा पास झाला. मी रत्नागिरीहून एजंटामार्फत सौदीला आलो. एजंटाकडे मालिशवाल्याचाच व्हिसा उरला होता. "आत शिरा, मग बदलून घ्या," म्हणाला. शिरलो. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मालिशवालाच राहिलो.

तेव्हा तेलाचा पैसा धो धो येत होता. रास तनुऱ्याजवळ आमचं हॉस्पिटल नवंकोरं उभं राहिलेलं. तिथल्या फिलिपिनो, इजिप्तच्या, आपल्याकडच्या, सगळ्याच पोरांना अमेरिकेची ती परीक्षा द्यायची होती. त्यांची तयारी मी करून घ्यायचो, पुसट झालेल्या झेरॉक्सवरून. मग अमेरिकेहून खोकी आली. प्रश्नसंच, स्लाइड्स, आणि शिकवणाऱ्यांसाठी वेगळी जाड प्रत: कुठला प्रश्न का विचारतात, पोरं कुठे घसरतात, सगळं समजावलेलं. खोक्यांमागोमाग सतीश आला. माझा वर्ग त्याला मिळाला.

मी ती प्रत चाळायला मागितली. त्यानं ती काखेत मारली. "इन्स्ट्रक्टरसाठी आहे रे. तू कशाला डोकं शिणवतोस?"

तर मी असा उताणा. खालून सतीश फार उंच दिसायचा. मी त्याच्या बुटांवर जळलो, अत्तरावर जळलो, न सुटलेल्या पोटावर तर फारच. सगळ्यात जास्त त्या प्रतीवर. मनात म्हटलं, मेल्या, एकदा तरी चूक. तो चुकला नाही. माझा खांदा हातात घेऊन त्यानं असं सुरेख शिकवलं, की माझीच मान हलली.

"पेशंटनं हलायचं नाही," तो म्हणाला. पुन्हा हशा.

आमच्या कॉलेजात एक रीत होती. शिकवणाराही टेबलावर झोपायचा. आमचे सर धोतर सोडून हाफपँटमध्ये झोपायचे आणि म्हणायचे, "लावा हात, लाजू नका." पाळी प्रत्येकाची. सतीशही त्यांच्याच अंगावर शिकला होता. इथे मात्र रोज मीच.

"पालथा हो."

मी उठून बसलो. "आता तुझी पाळी, सतीश."

"काय?"

"झोप. हे मी दाखवतो."

"पोरांसमोर तमाशा नको."

"सर झोपायचे ना पोरांसमोर?"

तो लाल झाला. आणि मग सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत म्हणाला, "हा इथे मालिशवाला म्हणून आलाय."

कुणी हसलं नाही. मी टेबलावरून उतरलो. शर्टाची बटणं वरखाली लागली, तसाच पोरांच्या रांगेत जाऊन बसलो. टेबल रिकामं. प्रत छातीशी धरून सतीश उभा.

"उद्या आला नाहीस तर वर कळवीन," तो म्हणाला.

"कळव. परीक्षेचा अर्ज मी भरतोय. वर्गही परत मागतोय."

जळायचं थांबलो असं नाही. अजून जळतो. पण त्या खुर्चीत ठरलं ते ठरलं: जो स्वतः पाळी घेत नाही, त्याच्यासमोर मी आडवा होणार नाही. मायदेशी पाठवलं तरी नाही.