पणजोबांना कोणत्या माशानं खाल्लं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०१४. पहाटे उठून मी आइसबॉक्स घासत होते. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "हा कशाला? आपण नारळ द्यायला चाललोय, बाजार करायला नाही."

"समुद्रानं हो म्हटलं तर बर्फ कुठे शोधत फिरू?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर त्यात ताक नेऊ," मी म्हटलं आणि बॉक्स उपडा घातला.

माझ्या सासरी मासे खात नाहीत. मालवणकडचं घर, ब्राह्मण नाही, माळकरी नाही, अंगणातून समुद्र दिसतो, आणि मासे खात नाहीत! कारण नवऱ्याचे पणजोबा. राणीच्या राज्यात ते मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम करत. एका पावसाळ्यात ती बोट ओमानच्या रास अल हद्द टोकापाशी, सूरच्या आसपास, खडकावर फुटली. त्या काळी बोटी फुटत, आणि किनाऱ्यावर कळायला महिने लागत. शेजारच्या गावचा एक खलाशी वाचला होता, त्यानं येऊन सांगितलं. देह मिळालाच नाही. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकलं. आणि तेराव्याला पणजी सगळ्या भावकीसमोर म्हणाली, की ज्या माशांनी माझ्या धन्याला खाल्लं ते या घरात शिजणार नाहीत. कधी खावेसे वाटलेच, तर जिथं तो गेला तिथं जाऊन समुद्राला नारळ द्या. समुद्रानं ठेवून घेतला तर खा. माघारी आला तर पुन्हा विचारू नका.

बाई हुशार होती. इतक्या लांब कोण जाणार?

आम्ही गेलो ना. नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली, तिथल्या वादी अदाई भागात घर झालं. आणि यंदा सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या त्या शेंडीवाला नारळ बॅगेत घालूनच. त्यांचं माहेर देवबागचं, म्हणजे जन्मच माशांत. लग्नानंतर एक घास नाही. आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं, "गो, माका मरूच्या आधी बांगड्याचा तिखला खावचा आसा. चोरून नाय. उजळ माथ्यान."

मी ऑफिसात मल्याळी मैत्रिणीच्या डब्यातलं खात असे, हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईत नणंदसुद्धा हॉटेलात खाते. एकट्या त्यांनीच काटेकोर पाळलं होतं. थोरले दीर मात्र फोनवर ओरडत होते, "नसती भानगड! नारळ परत आला तर माझ्या नातवंडांनीही आशा सोडायची का?" ते नातवंडांसाठी बोलत होते की स्वतःसाठी, कळलं नाही.

गाडीत मुलीनं नवा मुद्दा काढला. ती दहावीत, शाळेत सगळं इंग्रजी, मराठी अडखळत. "आजी, पण लॉजिकली, पणजोबांच्या बाबांना... म्हणजे माझ्या खापर-व्हॉटेव्हर आजोबांना, मोठ्या माशानं खाल्लं असणार ना? शार्कनं? मग फक्त शार्क बॅन करायचा. बांगड्याची काय चूक?"

"मोरीन खाल्ल्यान ह्या कशावरून?" सासूबाई म्हणाल्या; शार्कला मालवणात मोरी म्हणतात. "बारके मासे काय देवळात बसलेले?"

"बांगडा प्लँक्टन खातो, आजी."

"तो माणूस खाईत नाय ह्या तुका बांगड्यान सांगितल्यान?"

नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "कृपा करा, माझे पणजोबा आहेत ते." त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की कुरियतच्या पुढच्या घाटात त्यानं रेडिओ मोठा केला.

सूरला होड्यांच्या धक्क्यावर एक पन्नाशीचा ओमानी कोळी ठरवला. त्याला हिंदी येत होतं. फिरायला जायचंय एवढंच आम्ही सांगितलं, आणि चूक तिथंच झाली.

समुद्र त्या दिवसांत पाटासारखा असतो, तरी नवरा दहाव्या मिनिटाला होडीच्या तळाशी आडवा झाला. नारळ देताना गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्यानं साकडं, घालायचं ते घरच्या पुरुषानं. त्यानं मान उचलली, "बा समुद्रदेवा..." एवढं म्हटलं आणि कडेवरून बाहेर वाकला. समुद्राला पहिला नैवेद्य तोच गेला.

"सरक," मी म्हटलं आणि उभी राहिले. माझं माहेर गिरगावातलं, गाऱ्हाणं फक्त ऐकून माहीत. पण आवाज आहे. "बा समुद्रदेवा म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, त्येंचो ह्यो नारळ मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाई ओरडल्या.

"होय महाराजा!" मुलगी ओरडली.

"इन्शाल्ला!" होडीवाला ओरडला. त्याला वाटलं आपणही काहीतरी म्हटलं पाहिजे.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी नारळ सोडला. तो बुडून वर आला आणि डुलू लागला. आम्ही हात जोडले, डोळे मिटले. उघडले, तर होडीवाल्यानं लांब आकडीनं नारळ ओढून घेतला होता आणि पाणी निथळत तो सासूबाईंच्या पुढे धरला होता.

"अम्मा, गिर गया था," तो हसून म्हणाला.

सासूबाई नारळ घेऊन फळीवर बसल्या. होडीच्या तळातून नवऱ्याचा आवाज आला, "परत आला. आई, परत आला. चला घरी."

"समुद्रानं नाही दिला, यानं दिला!" मी म्हटलं.

"माघारी इलो तो इलो," सासूबाई हळू म्हणाल्या. नारळ त्यांच्या मांडीवर होता आणि त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. मगाशी गाडीत हसणारी बाई ती हीच, हे खरं वाटेना.

मुलीनं तेवढ्यात होडीवाल्याला हिंदीत सगळं सांगून टाकलं. बोट, पणजोबा, मासे, शपथ. त्यानं आधी कपाळावर हात मारला, मग तोंडावर हात घेतला, आणि मग त्याला हसू आवरेना. खांदे गदागदा हलू लागले. "माफ करना अम्मा, माफ करना. मेरा दादा का दादा भी इधर ही डूबा, लकडी का जहाज में. मेरा चाचा भी. हम लोग मच्छी छोड़ेगा तो सूर में खाएगा क्या? पत्थर?" मग गंभीर होऊन म्हणाला, "मैंने उठाया, गलती मेरा. समुंदर को तो किसी ने पूछा ही नहीं."

सासूबाईंनी मान वर केली. "काय म्हणता तो?"

"म्हणतो, समुद्राला अजून विचारलंच नाही."

त्यांनी जरा विचार केला. "बरोबर आसा," त्या म्हणाल्या. "मधल्या माणसाचा काय खरा मानूचा नाय."

त्यानं इंजिन चालू केलं आणि आम्हाला बाहेर, निळ्या पाण्यात नेलं. मी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी 'इन्शाल्ला' अधिक जोरात आलं. सासूबाईंनी नारळ सोडला. तो लाटेवर चढला, आणि वळून सरळ होडीकडे येऊ लागला.

"जा रे!" सासूबाई किंचाळल्या.

"जा! जा! गो अवे!" मुलगी.

"यल्ला! यल्ला!" होडीवाला, दोन्ही हात पाठीमागे धरून, जणू पोलिसांनी पकडलंय.

नारळ होडीला टेकला. टक् असा आवाज झाला. आडवा नवराही उठून बसला आणि कडेवरून ओरडला, "अहो पणजोबा, घ्या ना!" नारळ होडीच्या कडेकडेनं सरकत शेपटापर्यंत गेला, तिथं घुटमळला, आणि वाहत्या पाण्यात सापडून उघड्या समुद्राकडे निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही चौघं आणि तो परका माणूस, क्रिकेटच्या मॅचमध्ये ओरडावं तसे ओरडत होतो. मुलीचा आवाज बसला. सासूबाईंचा पदर समुद्रात भिजला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

धक्क्यावर मी बांगडे निवडले, होडीवाल्यानं हट्टानं वर एक सुरमई दिली. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी मला ओट्यापासून दूर केलं. मासे स्वतः साफ केले, वाटण स्वतः लावलं. ताटावर बसल्या, काटा न लागू देता पहिला तुकडा सोडवला आणि तोंडात घातला. आम्ही तिघं बघत राहिलो.

"तिरफळां कमी पडली," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

थोरल्या दिरांना फोन मीच लावला. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली. मग त्यांनी विचारलं, "मोरी पण चालेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठले, तर सासूबाई गॅससमोर उभ्या राहून रात्रीचा मुरलेला तिखला गरम करत होत्या. मी चहाचं आधण उतरवलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.